वैनगंगेवरचं कंकण

आज मला अशा एका ग्रहणाबद्दल बोलायचं आहे, ज्याची नोंद कुठंही नाही. ना शिलालेखात, ना ताम्रपटात, ना एखाद्या पोथीच्या समासात. तरीही ते झालं असणार, याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही. स्थळ भंडारा जिल्ह्यातलं पवनी, वैनगंगेचा काठ. काळ साधारण तेवीसशे ते अठराशे वर्षांपूर्वीचा. ग्रहण सूर्याचं, आणि तेही कंकणाकृती.

ज्याची नोंदच नाही, त्याबद्दल बोलायचं तरी काय, असं कुणी विचारील. पण इतिहासात कधी कधी लिहिलेल्या ओळीइतकीच न लिहिलेली ओळही बोलकी असते. आपल्या पूर्वजांनी काय लिहून ठेवलं, काय ठेवलं नाही आणि का ठेवलं नाही, हे या ग्रहणाच्या निमित्तानं पाहता येतं.

आधी कंकणाकृती म्हणजे काय, ते पाहू. सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा आहे आणि योगायोग असा की, तो चंद्राच्या सुमारे चारशे पट दूरही आहे. त्यामुळं आपल्याला दोघांची बिंबं जवळजवळ सारखी दिसतात. ‘जवळजवळ’ या शब्दातच सगळी गंमत आहे. चंद्राची कक्षा अगदी वर्तुळाकार नाही. तो कधी पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ५६ हजार किलोमीटरवर येतो, तर कधी ४ लाख ६ हजार किलोमीटरपर्यंत दूर जातो. जवळ असताना तो सूर्याला पुरता झाकतो, तेव्हा खग्रास ग्रहण होतं. दूर असताना त्याचं बिंब लहान पडतं, आणि सूर्याच्या मधोमध येऊनही कडेनं तेजाची बांगडी शिल्लक राहते. तेच कंकण. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. तिथल्या माणसाला मी सांगेन, भट्टीतून नुकतंच काढलेलं पितळी कडं आकाशात टांगलं तर कसं दिसेल, तसं हे दिसतं.

कंकणाकृती ग्रहण खग्रासापेक्षा दुर्मीळ असतं, असा पुष्कळांचा समज असतो. हिशेब उलटा आहे. अमेरिकेच्या ‘नासा’साठी फ्रेड एस्पेनॅक आणि जाँ मेयस यांनी इसवी सनापूर्वी २००० ते इसवी सन ३००० या पाच हजार वर्षांतल्या सगळ्या सूर्यग्रहणांची यादी केली. एकूण ग्रहणं भरली ११,८९८. त्यात खग्रास ३,१७३, तर कंकणाकृती ३,९५६. म्हणजे कंकणंच जास्त. पृथ्वीवरच्या कुठल्याही एका ठिकाणी खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं, तर कंकणाकृती सुमारे सव्वादोनशे वर्षांतून एकदा.

आता हे गणित पवनीला लावून पाहू. पवनी आज तालुक्याचं गाव आहे. जुनी तटबंदी, खंदक, आणि पलीकडे वैनगंगेचं विस्तीर्ण पात्र. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी इथं मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे सूत्रधार. जगन्नाथ टेकडी आणि हरदोलाला टेकडी या नुसत्या मातीच्या टेकड्या नसून त्यांच्या पोटात मोठे बौद्ध स्तूप आहेत, हे तेव्हा पुढं आलं. सांचीच्या स्तूपाच्या तोडीचे स्तूप विदर्भात, आणि तेही एका नदीकाठच्या गावात! मौर्यांपासून सातवाहनांपर्यंत हे गाव भरभराटलेलं होतं. म्हणजे पाचशे वर्षं तरी इथं व्यापारी होते, कारागीर होते, भिक्षू-भिक्षुणी होत्या. पाचशे वर्षांना सव्वादोनशेनं भागा. या लोकांच्या डोक्यावर दोनदा तरी कंकण धरलं गेलं असणार, असं सरासरी सांगते. सरासरी म्हणजे खात्री नव्हे, हे कबूल. पण एकदाही नाही, असं घडण्याची शक्यता कमी.

मग त्यांनी काय पाहिलं असेल?

पवनीच्या स्तूपांभोवतीच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपीतले लहान लहान लेख आहेत. या अमक्याचं दान, त्या तमकीचं दान, असा त्यांचा सूर. एका शिल्पात बुद्धावर छत्र धरणारा मुचलिंद नाग आहे. बौद्ध परंपरेत ग्रहणाचीही एक गोष्ट आहे. पाली ‘संयुत्तनिकाया’तल्या सुरियसुत्तात राहू सूर्याला धरतो, सूर्य बुद्धाला शरण जातो, आणि बुद्ध राहूला सांगतो, ‘सोड याला.’ राहू थरथरत सूर्याला सोडून पळ काढतो. चंद्राबद्दलही असंच एक सुत्त आहे. पवनीच्या विहारातल्या एखाद्या भिक्षूला ही सुत्तं पाठ असणं सहज शक्य आहे. ग्रहण लागल्यावर त्यानं ती म्हटलीही असतील.

पण शेतात, नदीवर, बाजारात असलेल्या माणसाचं काय? गंमत अशी की, कंकणाकृती ग्रहण वर न पाहताही दिसतं. झाडाखाली उन्हाचे जे कवडसे पडतात, ते खरं म्हणजे सूर्याच्या लहान लहान प्रतिमा असतात. पानांमधली प्रत्येक फट टाचणीनं पाडलेल्या भोकासारखं काम करते. एरवी हे कवडसे गोल असतात, म्हणून आपण त्यांच्याकडं लक्ष देत नाही. ग्रहण लागलं की ते कोरीसारखे होतात, आणि कंकणाच्या त्या चार-पाच मिनिटांत झाडाखालच्या मातीवर शेकडो बांगड्या पसरतात. वैनगंगेच्या काठी वडा-पिंपळाखाली बसलेल्या एखाद्या गुराख्यानं हा प्रकार पाहिला असेल, तर त्याला वर मान करायचीही गरज पडली नसेल.

मग याबद्दल कुणीच काही का लिहिलं नाही? माझ्या मते याची कारणं दोन आहेत. एक आकाशातलं आणि एक आपलं.

आकाशातलं कारण असं. कंकणाकृती ग्रहणात अंधार पडत नाही. चंद्राचं बिंब सूर्याच्या चौऱ्याण्णव टक्के रुंदीचं असेल, तरी सूर्याचा सुमारे आठवा भाग उघडा राहतो. तो आठवा भागही थोडाथोडका नसतो. सूर्याचं तेज पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट असतं, म्हणजे कंकणाचं तेज पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे पन्नास हजार पट होतं. ऊन मलूल होतं, हवा जरा गार वाटते, सावल्या चमत्कारिक दिसतात. पण दिवस तो दिवसच राहतो. तारे दिसत नाहीत, पाखरं घरट्याकडं फिरतीलच असं नाही. आभाळ ढगाळ असेल, तर ग्रहण झालं हे कळतही नाही.

खग्रासाचं तसं नसतं. विदर्भापुरतं बोलायचं तर २२ जानेवारी १८९८ चं उदाहरण घ्या. त्या दिवशी खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून शिरून महाराष्ट्र ओलांडत विदर्भावरून ईशान्येकडं गेली. त्यासाठी विलायतेहून आणि अमेरिकेहून ज्योतिर्विद आले होते. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर, जेऊरला अमेरिकेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला. पुलगावला न्यूऑल आणि हिल्स, नागपूरजवळ घोगलीला राल्फ कोपलँड. तळणीला अॅनी माँडर या बाईंनी सूर्याच्या प्रभामंडळाचा फार लांबवर गेलेला किरण छायाचित्रात पकडला, तो आजही खगोलशास्त्राच्या इतिहासात सांगितला जातो. दोन मिनिटांच्या अंधारासाठी एवढा खटाटोप. कंकणाच्या नशिबी असा थाट क्वचितच येतो. अंधार बातमी होतो, उजेड होत नाही.

आता दुसरं, आपलं कारण. आपल्याकडं ग्रहण ही पाहायची गोष्ट कमी आणि देण्याची गोष्ट जास्त होती. ग्रहण सुटताना गावागावांतून उठणारी ‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी जुन्या पिढीतल्या लोकांच्या कानात अजून असेल. सामान्य माणूस पसाभर धान्य, जुनं वस्त्र देई. राजा गाव देई. हा दानाचा धागा ताम्रपटांत स्पष्ट दिसतो. पैठणला सापडलेला राष्ट्रकूट राजा गोविंद तिसरा याचा ताम्रपट घ्या. शके ७१६, वैशाख अमावास्या, सूर्यग्रहणाचं पर्व. इंग्रजी तारीख येते ४ मे ७९४. या दिवशी गोविंद गादीवर होता, हे या ताम्रपटामुळं पक्कं होतं. इतिहासकाराला ग्रहणाचा असा उपयोग होतो. राजा खोटं बोलेल, त्याचा भाट अतिशयोक्ती करील, पण अमावास्या आणि ग्रहण यांची वेळ कुणाला सोयीनं हलवता येत नाही.

पण या ताम्रपटांत ग्रहण दिसलं कसं, याची एक ओळही नसते. किती झाकलं, अंधार पडला का, कडं दिसलं का, काही नाही. लिहिणाऱ्याला त्याची गरजच नव्हती. त्याला दान कधी दिलं, कुणाला दिलं, कुठल्या गावाच्या सीमा कुठवर, एवढंच पक्कं करायचं होतं. इतकंच नाही, तर जुन्या लेखांच्या तारखा तपासणाऱ्या विद्वानांच्या ध्यानात आलं की, काही दानलेखांत सांगितलेली ग्रहणं भारतातून दिसलेलीच नसावीत. ग्रहण खरं, दिवसही बरोबर, पण ते पृथ्वीच्या भलत्याच भागात झालेलं. म्हणजे दान देणाऱ्यानं आकाश पाहिलं नव्हतं, पंचांग पाहिलं होतं. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. उलट पंचांगाचं गणित एवढं भरवशाचं होतं की, न दिसणारं ग्रहणही त्यात सापडत होतं, हेही त्यातून कळतं. पण एक गोष्ट सुटली. डोळ्यांनी पाहिलेलं ग्रहण लेखांत आलं नाही.

तर मग आपल्या जुन्या लोकांना हे कंकण ठाऊकच नव्हतं का? होतं. आणि चांगलं ठाऊक होतं. फक्त ते दगडावर किंवा तांब्यावर शोधायचं नाही, तर ग्रंथांत.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त राहुचार नावाचा अध्याय आहे. त्यात ग्रहणाचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या एकाचं नाव आहे ‘मध्यतम’. बिंबाच्या मध्यभागी अंधार, आणि सभोवार मंडळ निर्मळ. कंकणाकृती ग्रहणाचं याहून नेमकं वर्णन कसं करणार? पुढं वराहमिहिर त्याचं फळ सांगतो: मध्यदेशाचा नाश आणि पोटाच्या व्याधींचं भय. अंधार मधोमध, म्हणून संकट देशाच्या मध्यावर आणि शरीराच्याही मध्यावर! या फलज्योतिषाशी आपल्याला कर्तव्य नाही. पण हे वर्णन मुळात कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुचलं असेल, असं मला वाटत नाही. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी दुपारी, कुणीतरी सूर्याचं कडं पाहिलं. ते एका शब्दात साठवलं. तो शब्द पुढच्यांना मिळाला. नाव, गाव, तारीख गळून पडली आणि शब्द तेवढा उरला. लक्षात घ्या, याच अध्यायात वराहमिहिर हेही ठणकावून सांगतो की, चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो, सूर्यग्रहणात चंद्र सूर्याच्या आड येतो, आणि याला राहू कारण नाही.

त्याच्याही आधी, इसवी सन ४९९ मध्ये, आर्यभटानं सूर्याचा व्यास ४,४१० योजनं आणि चंद्राचा ३१५ योजनं दिला आहे. त्यानंच दिलेल्या कक्षांच्या मापांवरून हिशेब केला, तर सूर्याचं सरासरी बिंब सुमारे ३३ कला येतं आणि चंद्राचं साडेएकतीस कला. म्हणजे सरासरी चंद्र सूर्यापेक्षा लहान. आजची मापं अनुक्रमे ३२ आणि ३१ कलांच्या आसपास आहेत. चंद्र सरासरीनं लहान असल्यामुळंच कंकणं जास्त होतात, हे मघा आपण पाहिलं. आर्यभटाच्या आकड्यांत ते सरळ बसतं. याउलट, दुसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा टॉलेमी, ज्याचा ग्रंथ युरोपात आणि अरबांत पुढं हजार-बाराशे वर्षं प्रमाण मानला गेला, त्यानं दूरात दूर असलेल्या चंद्राचं बिंब सूर्याएवढं धरलं. त्याच्या हिशेबात कंकणाकृती ग्रहण होऊच शकत नाही! त्याच शतकात सोसिजेनिस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञानं मात्र कडेनं उजेड राहणाऱ्या ग्रहणाचा उल्लेख केला आहे. ते इसवी सन १६४ मधलं ग्रहण असावं, असं मानतात. म्हणजे तिकडंही पोथी एक सांगत होती आणि डोळे दुसरं.

आर्यभटाचं आणखी एक वचन मला फार महत्त्वाचं वाटतं. सूर्याचा आठवा भागच झाकला जात असेल, तर ते ग्रहण जाहीर करू नये, असं तो सांगतो. कारण सूर्याच्या तेजामुळं ते डोळ्यांना जाणवत नाही. गणितात ग्रहण आहे, पण डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून सांगू नका. हा माणूस नुसता पाटीवर आकडे मांडणारा नव्हता. लोकांना काय दिसेल, याची त्याला काळजी होती. सूर्याचा आठवा भाग झाकला तर कळत नाही आणि आठवा भाग उरला तरी दिवस मावळत नाही, ही तेजाची दोन टोकं आहेत. पहिलं टोक आर्यभटानं लिहून ठेवलं. दुसरं टोक म्हणजे पवनीचं ते कंकण.

गणित आणि डोळे यांची समोरासमोर गाठ पडल्याची एक सुंदर नोंद आपल्या शेजारीच आहे. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या शिलालेखात त्याला कर देणाऱ्या मंडलांची यादी आहे. त्यात लांजी आहे, वैरागड आहे आणि ‘भाणार’ही आहे. हे भाणार म्हणजेच आजचं भंडारा, असं अभ्यासक मानतात. या जाजल्लदेवाचा मुलगा रत्नदेव दुसरा. त्याचा एक ताम्रपट छत्तीसगडात सरखो या गावी सापडला, आणि तो संपादित केला नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी. त्यातली हकिगत अशी: राजाच्या सभेत ज्योतिषी जमले असता पद्मनाभ नावाच्या ज्योतिषानं सांगितलं की, कार्तिकी पौर्णिमेला रात्रीचे तीन प्रहर उलटल्यावर, चंद्र रोहिणीत असताना, त्याला ग्रहण लागेल. सांगितल्या वेळी ते लागलं. राजा प्रसन्न झाला आणि त्यानं पद्मनाभाला चिंचतलाई नावाचं गाव दिलं. साल कलचुरी ८८०, म्हणजे नोव्हेंबर ११२८.

हे ग्रहण चंद्राचं, सूर्याचं नव्हे, आणि काळही पवनीच्या स्तूपांनंतर बराच पुढचा. पण मला या ताम्रपटाचं मोल वेगळंच वाटतं. इथंही दानच आहे, गावच दिलं आहे. पण ते ग्रहणाच्या पुण्यासाठी नव्हे, तर ग्रहणाची वेळ बरोबर सांगितल्याबद्दल! इथं राजा रात्री जागला, आकाशाकडं पाहत राहिला, आणि गणित डोळ्यांशी जुळलं तेव्हाच त्यानं बक्षीस दिलं. असे आणखी दहा ताम्रपट असते, तर आपला खगोलशास्त्राचा इतिहास वेगळ्या शब्दांत लिहिता आला असता.

आता कुणी म्हणेल, नोंद नाही तर नाही. आजच्या संगणकावर मागचं कुठलंही ग्रहण काढता येतं, मग पवनीच्या गुराख्याच्या साक्षीची गरज काय? गरज आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

पृथ्वीचं फिरणं थोडं थोडं मंदावत आहे. चंद्रामुळं समुद्राला भरती-ओहोटी येते, तिच्या घर्षणानं पृथ्वीच्या गिरकीला किंचित लगाम बसतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा दिवस आजच्यापेक्षा सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहूनही थोड्या कमी फरकानं लहान होता. फरक नगण्य वाटतो. पण रोज असा कणाकणानं साठत गेलेला फरक दोन हजार वर्षांत जवळजवळ तीन तासांचा होतो. तीन तासांत पृथ्वी सुमारे चव्वेचाळीस अंश फिरते. याचा अर्थ असा की, पृथ्वी नेहमी आजच्याच वेगानं फिरत होती असं धरून हिशेब केला, तर इसवी सनाच्या आरंभी वैनगंगेवर दिसलेलं ग्रहण गणितात जेरुसलेमच्या रेखांशावर जाऊन पडेल!

ही चूक दुरुस्त कशी करायची? जुन्या नोंदींवरूनच. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर, चीनच्या राजदरबारी इतिहासांत, अरब ज्योतिर्विदांच्या टिपणांत अमुक गावी, अमुक दिवशी, असं असं दिसलं, अशा नोंदी आहेत. चीनच्या युआन राजवटीच्या इतिहासात १२९२ सालच्या ग्रहणात सूर्य सोन्याच्या कड्यासारखा दिसल्याचं लिहिलं आहे. इंग्लंडमधल्या एफ. रिचर्ड स्टीफन्सन यांनी आयुष्यभर अशा नोंदी जमवल्या आणि त्यांवरून पृथ्वीची गती किती मंदावली, याचं कोष्टक तयार केलं. त्या कोष्टकाच्या आधारानंच आपला संगणक मागची ग्रहणं काढतो. जितकं मागं जावं, तितकं ते कोष्टक काही मिनिटांनी डळमळतं. आणि चार मिनिटं म्हणजे एक अंश, म्हणजे आपल्या अक्षांशावर शंभरेक किलोमीटर. कडं पवनीवर आलं की त्याहून शंभर किलोमीटर पश्चिमेला, हे त्या काही मिनिटांवर ठरतं. पवनीच्या एखाद्या दात्यानं आपल्या नावाखाली ‘या दिवशी सूर्याचं कडं झालं’ एवढं जरी तारखेनिशी कोरलं असतं, तरी पृथ्वीच्या घड्याळाला एक खूण मिळाली असती.

जिथं स्थळ-काळ नाही, तिथं विद्वानांची कशी ओढाताण होते पाहा. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानूनं सूर्याला अंधारानं वेधलं आणि अत्रींनी त्याला सोडवलं, अशी कथा आहे. प्रबोधचंद्र सेनगुप्त यांनी ते ग्रहण इसवी सनापूर्वी ३९२८ मधलं ठरवलं. २०२३ मध्ये मुंबईचे मयंक वाहिया आणि जपानचे मित्सुरू सोमा यांनी इसवी सनापूर्वी ४२०२ किंवा ३८११ ही वर्षं सुचवली. बायबलात यहोशवाच्या लढाईत सूर्य थांबल्याची कथा आहे. ते वर्णन कंकणाकृती ग्रहणाचं आहे आणि ते इसवी सनापूर्वी १२०७ मध्ये, ३० ऑक्टोबरला झालं, असं केंब्रिजच्या कॉलिन हम्फ्रीज यांनी २०१७ मध्ये मांडलं; त्यावरून इजिप्तच्या राजांच्या सनावळीही नव्यानं लावून पाहिल्या. हे सगळं ज्ञानाचं मोठं काम आहे. पण त्याचा पाया कवितेच्या ओळीवर आहे, साक्षीदाराच्या जबानीवर नाही. म्हणून वाद संपत नाही.

आपल्याकडं हे महत्त्व ओळखणारी माणसं झाली. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, साध्या शाळामास्तरकीतून वर आलेले, यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी केलेलं भारतीय कालगणनेवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याला रॉबर्ट श्राम यांनी केलेली, भारतातून दिसलेल्या सूर्यग्रहणांची कोष्टकं जोडली आहेत. शिलालेखातली तिथी खरी की खोटी, हे जुन्या काळी त्या कोष्टकांवरून ताडून पाहत. आपण इतिहास वाचताना ज्या तारखा सहज उच्चारतो, त्यांतल्या कित्येकांमागं अशा लोकांनी कंदिलाच्या उजेडात केलेल्या बेरजा-वजाबाक्या आहेत.

पवनीलाच सापडलेला एक स्तंभ आहे. रुपिअम्म नावाच्या महाक्षत्रप कुमाराचा तो स्मृतिस्तंभ. त्यावरच्या प्राकृत लेखात त्याला ‘छायाखंभ’ म्हटलं आहे. इथं छाया म्हणजे प्रतिमा, आठवण. पण ग्रहणाचा विचार करताना तो शब्द माझ्या मनात घोळत राहतो. माणसाची छाया त्यांनी दगडात धरून ठेवली, म्हणून आज रुपिअम्म हे नाव आपल्याला माहीत आहे. चंद्राची छाया त्यांच्या अंगावरून गेली, ती मात्र कुणी धरून ठेवली नाही.

त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती, घड्याळ नव्हतं, लिहिणं म्हणजे दगड फोडणं होतं. आपल्यापाशी सगळं आहे. तरी आपण काय करतो? २६ डिसेंबर २०१९ ला केरळ-तमिळनाडूवरून आणि २१ जून २०२० ला राजस्थान-हरियाणा-उत्तराखंडावरून कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा गेला. दोन्ही वेळा भंडाऱ्यातून खंडग्रास ग्रहण होतं. किती घरांची दारं-खिडक्या त्या वेळी लावलेल्या होत्या, किती मुलांना अंगणात येऊ दिलं नाही, हे ज्याचं त्यानं आठवावं. उघड्या डोळ्यांनी सूर्य पाहू नये, हे खरंच आहे; त्यासाठी खात्रीचा चश्मा हवा. पण पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून सावलीत सूर्याची प्रतिमा पाहायला काय हरकत आहे? त्याला तर पैसाही लागत नाही.

२१ मे २०३१ ला पुन्हा एक कंकणाकृती ग्रहण आहे. कडं दिसेल ते दक्षिणेत, केरळ-तमिळनाडूत. भंडाऱ्यात सूर्य अर्धवट झाकलेला दिसेल. वेळ भर दुपारची, मे महिन्याची, सूर्य जवळजवळ डोक्यावर. शाळांना सुट्टी असेल. आंब्याखाली, चिंचेखाली मातीवर कोरीच्या आकाराचे कवडसे पडतील. आपल्या भागातल्या मुलांनी तेवढं पाहावं, एका वहीत गाव, तारीख, वेळ आणि जे दिसलं ते लिहावं, खाली आपलं नाव घालावं. ग्रहणात काही द्यायचंच असेल, तर दोन हजार वर्षांनंतरच्या माणसाला देता येईल असं दान हेच.